बुडीत गावाचं दप्तर

"जितं हुडकाया आलीस का मेलेलं?"

अनसामावशींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. वडगावला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे, त्याच्या पायरीवर त्या बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत कोरे अर्ज, चष्म्याच्या काड्यांना बांधलेला काळा दोरा मानेमागे. मी अर्धा तास रस्त्याच्या पलीकडे उभी होते. कचेरीत जायचं होतं, पण आत कोणाला काय विचारायचं ते मनात जुळत नव्हतं. परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की माझं तोंड कोरडं पडतं. लोहगडवाडीला आमची टपरी आहे, गडावर जाणारे लोक येतात, तेव्हाही मी आत चुलीपाशी असते, बाहेरचं बोलणं माझे मालक बघतात. मावशींनी तिकडून हात करून मला बोलावलं आणि एकदम हे विचारलं.

मी कसंबसं म्हटलं, "माझीच जन्माची नोंद पाहिजे. आधारवर नुसतं साल आहे. लेक म्हणते, तारीख लागते."

"म्हंजी जितं," त्या म्हणाल्या. "बस हितं. मेलेलं लवकर सापडतंय. जित्याला टाइम लागतो."

"ते का?"

"अगं, पोर जलमलं की कुनाला ठावं ते ऱ्हातंय का जातंय. कसंबी लिवायचे. मेल्यावर मातुर नीट लिवायचे. आता कुटं जातंय त्ये?"

मावशींनी कचेरीच्या दप्तरखान्यात शिपाई म्हणून सारी नोकरी काढली होती. शाळा तिसरीपर्यंतच. वाचायला खऱ्या अर्थाने शिकल्या त्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. जुन्या वह्या कापडात बांधून ठेवतात, त्या कापडाला तिथे रुमाल म्हणतात. कोणत्या गावाचा रुमाल कोणत्या घोडीवर, म्हणजे मांडणीवर, हे त्यांना आपल्या घरातल्या डब्यांसारखं पाठ होतं. नोकरी संपल्यावरही त्यांचे पाय तिकडेच वळत. लोणावळ्याला भाचीकडे राहायच्या, सकाळच्या गाडीने यायच्या आणि पायरीवर बसायच्या. कोणाला फेरफार हवा असे, कोणाला आजाचा मृत्यूदाखला, कोणाला शाळेत घालायला जातीचा जुना पुरावा. अर्ज कुठे द्यायचा, तिकीट कुठे चिकटवायचं, हे त्या सांगायच्या. कोणाकडून काही घ्यायच्या नाहीत. चहा दिला तर बशीत ओतून प्यायच्या.

पण अर्ज भरायच्या आधी त्या माणूस विचारायच्या. माझ्या पुढे एक तरुण बसला होता, आजोबांच्या नोंदीसाठी आलेला. तो म्हणाला, "मावशी, डेट ऑफ डेथ माहीत नाही, बाकी सगळं लिहितो."

"तारीख नगं मला. कवा मेला त्ये सांग."

"तेच तर माहीत नाही!"

"अरं, आजी काय सांगायची? मढं न्हेलं तवा पाऊस व्हता का? चिखल व्हता का? भात उभं व्हतं का झोडून झालतं?"

तो विचार करून म्हणाला, "आजी म्हणायची, भारे तसेच खळ्यावर पडले होते, झोडायला माणूस नव्हता."

"झालं की मग! दिवाळीम्होरं. मार्गशीर्ष धर. आन तुजा बाप तवा शाळंत जायचा का?"

अशा चार प्रश्नांत त्यांनी साल आणि महिना बांधून दिला. अर्जात शोधाची मुदत लिहिताना म्हणाल्या, "चार वर्सं म्होरं, चार मागं लिव. मानसाची याद सरळ रेघंत न्हाई चालत." तो निघाला तर मागून ओरडल्या, "आन पोच घेतल्याबिगर जिना उतरू नगंस! पोच न्हाई तर तू गेलाच नव्हतास असं हुतंय."

मग माझ्याकडे वळल्या. गाव कोणतं विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं आणि म्हटलं, "पण ते आता नाही. धरणात गेलं."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "गाव गेलं," त्या म्हणाल्या, "दप्तर न्हाई गेलं. दप्तर हाय."

आई कुठली, असं त्यांनी विचारलं. मी तिकोना पेठेची म्हटलं. मी पहिली का, असं विचारलं. मी म्हटलं, एकुलती एक. "मंग गावात कशाला हुडकायची तुला? पहिलटकरीन म्हायेरी जाती. तुजी नोंद पेठंच्या दप्तरात. लोक हितंच चुकत्याती. बापाच्या गावचा अर्ज करत्याती, आन सापडलं न्हाई म्हनून बोंबलत घरी जात्याती."

अर्ज त्यांनी मलाच लिहायला लावला. मी म्हटलं, माझं अक्षर चांगलं नाही, चौथीच झाली आहे. तर म्हणाल्या, "माज्याहून येक इयत्ता म्होरं हायस. लिव." एका रकान्यात मी अंदाजाने काहीतरी लिहायला गेले तेव्हा माझा हात धरला. "न बगता व्हय लिवू नगंस. ठावं न्हाई तर 'माहीत नाही' लिव. त्यात लाज न्हाई. न बगता व्हय म्हनलं की त्ये खोटं जलमभर मागं फिरतंय."

वही बघायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्या माझ्याबरोबर आत आल्या. दप्तरखान्याच्या दाराशी चपला काढल्या आणि आत शिरायच्या आधी खाकरल्या. दाराशी कोणी नव्हतं. तिथले एक तरुण कारकून हसून मला म्हणाले, "मावशींचं असंच आहे. आतल्यांना वर्दी देतात."

"मंग? न खाकरता कुनाच्या घरात शिरतोस व्हय रं तू?" मावशी म्हणाल्या.

वही उघडल्यावर पान उलटायला त्यांनी पिशवीतून भाताची एक काडी काढली. मी बोटाला थुंकी लावणार तेवढ्यात माझ्या मनगटावर चापट बसली. "उष्टं लावती मेल्यान्ला!" काडीने त्या एकेका ओळीवरून खाली जात होत्या. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मी विचारलं, मोठ्याने का वाचत नाही. तर हळूच म्हणाल्या, "नाव मोठ्यानं घ्येतलं की हाक मारल्यावानी हुतंय. हितं येवढी मानसं. येकानं वळून बगितलं म्हंजी?"

त्या खोलीत मला थंडी वाजली. बाहेर कडक ऊन होतं.

पेठेच्या वहीत माझ्या बापाचं नाव सापडलं. पुढे नुसतं 'मुलगी'. बारसं व्हायच्या आधीच नोंद करून टाकत, म्हणून पोरीचं नाव नसायचंच. मी म्हटलं, झालं, सापडले मी. पण मावशींची काडी तिथेच थांबली होती.

"धरनाचं पानी आलं तवा तू केवढी व्हतीस म्हनलीस?"

"कडेवर. आई सांगायची, मला फडक्यात बांधून निघाली."

"ही पोर तवा कडेवर न्हवती. ही तवा आठाची आसती."

त्यांनी वही मिटली आणि कारकुनांना आमच्या गावाचा रुमाल द्यायला सांगितलं. ते शिडी लावून घेऊन आले. त्यात काडी बरीच खाली गेली आणि थांबली. तोच बाप, तीच आई, 'मुलगी'. आता वय बरोबर जुळत होतं.

"ही तू," मावशी म्हणाल्या.

"मग पेठेतली कोण?"

त्यांनी लगेच मृत्यूची वही ओढली.

इथे मला माझ्या आईबद्दल सांगितलं पाहिजे. ती माझ्याकडेच असते. गेल्या वर्षापासून दिवेलागणीला ती बेचैन होते. उंबऱ्याशी येऊन खाली खोऱ्याकडे बघते आणि म्हणते, "पानी चढाय लागलं. हौसा तिकडंच ऱ्हायली." हौसा म्हणजे मी. मी तिच्या समोर उभी राहते, तिचे हात धरते, म्हणते, "आई, ही बघ मी हितंच हाय." ती माझ्याकडे नीट बघते आणि म्हणते, "तू न्हवं." रोज. मालक म्हणतात, म्हातारपण आहे, धरणाचे दिवस तिच्या डोक्यात बसलेत. शेजारणी म्हणतात, आपल्या पोरीला ओळखत नाही, काय हे नशीब. मी वरून काही म्हणत नसे. पण आपल्या आईने रोज आपल्याला 'तू नव्हे' म्हणायचं, हे फार जड होतं. मला एवढंच कळायला हवं होतं, की ती वाट कोणाची बघते. ती आता थकली आहे. एखाद दिवस अशीच उंबऱ्याशी बघत जाईल आणि मला कधीच कळणार नाही, अशी मला भीती होती. हे मी मावशींना पायरीवर सांगितलं होतं. त्या फक्त "हं" म्हणाल्या होत्या.

मृत्यूच्या वहीत काडी थांबली. मावशी कधी मोठ्याने वाचत नसत, पण या वेळी वाचलं.

"हौसा."

"जी," मी म्हणाले.

माझं नावच ते. हाक आली, मी ओ दिली. कारकून हसले. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात वहीवर ओढून घेतला आणि काडीने दाखवलं. हौसा, बापाचं नाव, आमचं गाव, वय सहा, कारण ताप. मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला वाचता येतं, पण त्या दिवशी ते अक्षरांसारखं दिसेना.

"ही थोरली," मावशी म्हणाल्या. "ही गेली, मंग तू झालीस. तुला तिचंच नाव दिलं. तवा आसंच करायचे. म्हनायचे, गेलेली परत आली. आन परत आली म्हनलं की मंग रडायची सोय ऱ्हात न्हाई गं. कुनाला रडनार? पोर तर म्होरं खेळतीया."

मी विचारलं, "तिला कुठे पुरलं असेल?"

"ल्हान पोरं नदीकडंला पुरायचे."

पुढचं मला कळलं. नदीकाठ सगळ्यात आधी पाण्याखाली गेला. माझी आई मला फडक्यात बांधून गाव सोडून वर चढत होती, आणि मागे पाणी येत होतं.

नक्कल मिळण्यासाठी मी दुसरा अर्ज लिहिला. खिडकीवरच्या बाबूंनी तो परत केला. "ताई, चुकलंय. मयताच्या नावात तुम्ही स्वतःचं नाव घातलंय. अर्जदार हौसा, मयत हौसा, नातं बहीण. स्वतःच्याच बहीण का तुम्ही?"

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मावशी रांगेच्या बाजूने पुढे आल्या. "बाबू, चुकलं न्हाई. दोन हौसा हायती. येक ही तुज्या म्होरं, घामानं भिजलेली. दुसरी तुज्या दप्तरात. हिच्या आईनं दोघी जलमाला घातल्याती, तू कशाला येक खोडतोस?"

त्या बाबूंनी अर्ज पुन्हा वाचला, शिक्का मारला आणि पोच दिली. रांगेतलं हसणंही थांबलं होतं. बाहेर आल्यावर मावशी मलाच रागावल्या. "तुला तोंड न्हाई व्हय? म्या काय जलमाला पुरनार हाय?"

"मला जमत नाही मावशी. लोक बघतात."

"बगू दे की. मला दप्तरखान्यात आयुष्यभर हजारो लोक बगत व्हते. डोळं न्हवतं त्यांन्ला, पर बगत व्हते. मला काय झालं?"

नक्कल हातात आल्यावर मी विचारलं, आईला सांगू की नको. त्यांनी पिशवीचा बंद गुंडाळला. मग म्हणाल्या, "तिला ठावंच हाय की. तुलाच ठावं न्हवतं. वाचून दाव. आन ती काय इचारंल त्याचं खरं उत्तर दे. उगा गोड बोलू नगंस. गोड बोलूनच येवढी वर्सं गेली." पायरी उतरताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मागे सरल्या. "माज्या न्हाई. तिच्या पड. थोरली हाय तुजी."

त्याच दिवशी संध्याकाळी आई उंबऱ्याशी आली. पाणी चढाय लागलं, म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले आणि कागद वाचला. हौसा. बापाचं नाव. गावाचं नाव. वय सहा वर्षे. ताप. ती ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "गावाचं नाव परत वाच." मी वाचलं. "आन तिचं." मी वाचलं. तिने कागदावर हात ठेवला, अक्षरांवरून बोटं फिरवली. तिला वाचता येत नाही.

"ही कुटं हाय आता?"

"वडगावला. कचेरीत. वहीत आहे तिचं नाव."

"तितं पानी येतंय का?"

मी 'नाही' म्हणणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या खोलीत पाणी येतं की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "माहीत नाही आई. विचारून येते."

लगेच जाणं झालं नाही. भाताची आवणी चालू होती, आणि पावसात आमच्या टपरीला हात पुरत नाहीत. आई रोज एकच विचारायची, "इचारलंस?" दोन-तीन आठवड्यांनी मी वडगावला गेले. पायरी रिकामी होती. मी नेहमीसारखी रस्त्याच्या पलीकडे थांबले. बऱ्याच वेळाने दुकानदारच शटरखालून बाहेर आला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मावशींकडे आला होता का? मावशी गेल्या हो. भाचीच्या घरी, बसल्या जागी. गेल्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. आम्ही सगळे गेलो होतो."

त्याने मला पाणी दिलं. मी ते पायरीवर बसून प्यायले. मावशी गेल्या हे मला समजत होतं, पण कोणत्याही क्षणी मागून "जितं का मेलेलं" असं ऐकू येईल असं वाटत होतं. परतीच्या गाडीला वेळ होता. उठून स्टेशनकडे जावं असंच मनात आलं. कोणाला काय विचारणार? खोलीत पाणी येतं का, हे विचारायला कोणी कचेरीत जातं का? अर्ज नाही, नोंद नाही, दाखला नाही. लोक मला वेडी म्हणतील.

पण आई घरी वाट बघत होती, आणि उत्तर द्यायला आता दुसरं कोणी नव्हतं.

मी एकटी आत गेले. खिडकीवरच्या बाबूंनी विचारलं, काय पाहिजे. मी म्हटलं, "मला दप्तरखान्याच्या साहेबांना एक विचारायचं आहे." माझा आवाज मलाच ऐकू आला. त्यांनी आत पाठवलं. त्याच तरुण कारकुनांनी मला ओळखलं. मी सगळं एका दमात बोलून टाकलं, आई काय म्हणते, पाणी, नदीकाठ, सगळं. ते हसले नाहीत. म्हणाले, "या, दाखवतो."

खोली कोरडी ठणठणीत होती. त्यांनी सगळ्यात वरच्या फळीकडे बोट केलं. "ही सगळी बुडीत गावं. पूर्वी ही आपापल्या जागी खाली होती. निवृत्त व्हायच्या आधी महिनाभर मावशींनी रोज दोन-दोन करून सगळी वर नेली. त्या वयात, शिडीवर चढून. साहेबांनी विचारलं, मावशी, इथे पाणी कधी आलेलं नाही, कशाला हा उपद्व्याप? तर म्हणाल्या, तुम्हांला ठावं हाय पानी येत न्हाई. त्यांन्ला ठावं न्हाई."

मी वर बघत राहिले. लाल कापडात बांधलेली गावं शेजारी शेजारी होती. प्रत्येकाला चिठ्ठी. आमच्या गावाची चिठ्ठी मी खालूनच वाचली, अक्षर मोठं होतं, तिसरीतल्या मुलीसारखं, काना-मात्रा जपून दिलेलं. कारकुनांनी विचारलं, काढून देऊ का. मी म्हटलं, नको, राहू दे तिथेच.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. आई उंबऱ्याशी होती. खाली खोऱ्यात धुकं भरत होतं, आणि इथून बघितलं तर ते पाण्यासारखंच दिसतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"इचारलंस?"

"विचारलं. स्वतः बघून आले. ती वरच्या फळीवर आहे आई. सगळ्यात वर. पाणी तिथवर पोचत नाही."

"वल्ली न्हाई?"

"नाही. कोरडी आहे."

"अंगावर काय हाय?"

"लाल कापड."

"येकटीच हाय?"

"नाही. सगळं गाव आहे. शेजारची गावंही आहेत."

आईने खोऱ्याकडे बघितलं. चुलीवरचं उतू गेल्याचा वास आला तरी मी उठले नाही. मग तिची मान वळली. तिने माझ्या डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. माझा भिजलेला पदर हातात घेतला, पिळला, आणि एखादं माणूस फार दिवसांनी दारात दिसावं तसं विचारलं, "तू कवा आलीस गं?"

मी म्हटलं, "आत्ताच."